सेवेतला थकवा ओळखताना

देवळाची, घराची किंवा समाजाची कामे वर्षानुवर्षे मनापासून करणारी माणसे एखाद्या टप्प्यावर आतून रिती होतात आणि तरीही त्यांची कामे पूर्वीसारखीच बिनबोभाट चालू राहतात, ही गोष्ट मला अलीकडे फार अस्वस्थ करते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बिघडलेले दिसत नाही. आरती वेळेवर होते, नैवेद्य वेळेवर पोहोचतो, आजारी माणसाची औषधे चुकत नाहीत. करणाऱ्याला मात्र त्यातले काहीही आतून स्पर्श करीत नसते. हा थकवा आळसाच्या रूपाने आला असता तर कुणीतरी हटकले असते. तो कर्तव्यदक्षतेच्या रूपाने येतो, म्हणून त्याचे कौतुक होते आणि कौतुकामुळे तो आणखी खोलवर जातो.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात राहते, माध्यमिक शाळेत शिकवते आणि गावच्या देवळातल्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्यापासून त्यांचे सगळे पाहणेही मुख्यत्वे माझ्याकडे आले. यांतले कोणतेही काम माझ्यावर कुणी लादले नव्हते, हे आधीच सांगते. पेटी मला लहानपणापासून आवडते, मुलांमध्ये रमणे हा माझा स्वभाव आहे आणि सासूबाईंनी मला लेकीसारखे वागविले आहे. म्हणूनच जे घडत होते ते समजायला वेळ लागला. नावडते काम माणसाला थकवते हे सर्वांना ठाऊक असते. आवडत्या कामानेही माणूस तितकाच थकतो, हे मान्य करायला मन सहजी तयार होत नाही.

आमच्या वाड्यावर कुणाच्या घरी मरण झाले की बाराव्यापर्यंत त्या घरी संध्याकाळचे भजन असते. एके दिवशी शाळेतून परत येताच वाड्यावरचे एक वृद्ध काका गेल्याचा निरोप आला. या काकांनी आमच्या अंगणातल्या माडांची काळजी कित्येक वर्षे घरच्यासारखी घेतली होती. निरोप ऐकताच माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की आता बाराव्यापर्यंतच्या संध्याकाळी गेल्या, मग सहामाहीच्या उत्तरपत्रिका कधी तपासायच्या? त्या संध्याकाळी मी भजनाला गेले, पेटी वाजवली, काकूंच्या जवळ बसले. दुःख आले नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी अक्षरशः दुःखाची वाट पाहत राहिले, तरी ते आले नाही. आपल्याला काहीतरी झाले आहे, हे त्या रात्री मला पहिल्यांदा स्पष्टपणे कळले.

त्यानंतर मागे वळून पाहिले तेव्हा बाकीच्या खुणा एकामागून एक दिसू लागल्या. शुक्रवारी देवीसाठी अबोलीची फाती गुंफताना पूर्वी आपोआप एखादा अभंग ओठांवर येत असे; आता केळीच्या सोपटाच्या धाग्यात फुले अडकवत बोटे चालत होती आणि फाती किती वीत झाली एवढेच डोळे मोजत होते. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश आल्याचा आवाज झाला की पोटात खड्डा पडे. रात्री सात तास झोपूनही सकाळी अंग मोडल्यासारखे वाटे. टाळ चुकवणाऱ्या लहान मुलीवर आवाज चढे आणि ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली नाही की हायसे वाटे. नामस्मरण सुटले नव्हते. उलट ते वाढले होते, कारण मन लागत नाही म्हणून मी माळांची संख्या वाढवली होती, आणि जप पूर्ण झाल्यावर समाधानाऐवजी एक काम हातावेगळे झाल्याचा भाव उरत होता. देवाजवळ बसल्यावर पूर्वी जे काहीतरी ऐकू येत असे, ते ऐकू येणे थांबले होते, आणि त्याची रुखरुखसुद्धा हळूहळू बोथट होत चालली होती.

या अवस्थेचा अभ्यास कसा सुरू झाला हे वाचले तेव्हा मला मोठा दिलासा मिळाला. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये बर्नआउटवर, म्हणजे कामात झोकून देऊन आतून रिते होण्यावर, लेख लिहिला, आणि त्यांनी वर्णन केलेली माणसे कामचुकार किंवा दुबळी नव्हती. ते स्वयंसेवक होते, ध्येयाने आलेले होते, आणि स्वतः फ्रॉइडनबर्गर यांनीही तोच अनुभव घेतला होता. त्यांच्या निरीक्षणाचा मला समजलेला गाभा असा, की जो सर्वांत अधिक झोकून देतो त्यालाच या अवस्थेचा धोका सर्वांत अधिक असतो. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये जी प्रश्नावली प्रसिद्ध केली तिच्यात या थकव्याचे तीन पदर वेगळे केलेले आहेत. भावनिक शक्ती संपून जाणे हा पहिला. ज्यांच्यासाठी काम करायचे त्या माणसांकडे वस्तूंसारखे किंवा प्रकरणांसारखे पाहू लागणे हा दुसरा. आपण जे करतो त्याला काही अर्थ नाही, आपल्याकडून काही साधत नाही, असे वाटणे हा तिसरा. काकांच्या निधनाचा निरोप ऐकून उत्तरपत्रिकांचा हिशेब मनात येणे हे या दुसऱ्या पदरात नेमके बसते. मी निष्ठुर झाले होते असे नाही. जिथून कळवळा यायचा तो साठाच संपला होता, आणि उरलेल्या मनाने स्वतःला वाचवण्यासाठी माणसांपासून अंतर घेतले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद केली आहे. ही आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. मात्र तिथे बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न हाताळल्या गेलेल्या ताणाचा तो परिणाम आहे आणि जीवनाच्या इतर क्षेत्रांसाठी ही संज्ञा वापरू नये, असेही त्यांनी नमूद केले आहे. ही मर्यादा घालण्यामागचे शास्त्रीय कारण मी समजू शकते. तरीही घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या बाईला सुट्टीचा दिवस नसतो, बदली माणूस नसतो, आणि काम संपल्याची घंटाही कधी होत नाही. तिचा थकवा कोणत्या रकान्यात नोंदवायचा हा प्रश्न वर्गीकरण करणाऱ्यांचा आहे. तिला तो ओळखता आला पाहिजे, एवढेच मला महत्त्वाचे वाटते.

आध्यात्मिक थकवा या सगळ्यापेक्षा थोडा वेगळा आहे का, याचा मी बराच विचार केला. पतंजलींच्या योगसूत्रांत समाधिपादाच्या तिसाव्या सूत्रात चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय सांगितलेले आहेत आणि त्या यादीत सर्वांत पहिला आहे व्याधी, म्हणजे शरीराचे आजारपण. त्यानंतर चित्ताची अकर्मण्यता, संशय, प्रमाद, आळस असे पुढचे येतात. पुढच्या सूत्रात दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि विस्कळीत श्वास ही त्यांच्या सोबत येणारी लक्षणे सांगितली आहेत. शरीराला पहिले स्थान देणारी ही यादी मला फार शहाणपणाची वाटते. साधना कोरडी झाली की आपण लगेच श्रद्धेत खोट शोधू लागतो आणि रक्तातले हिमोग्लोबिन शोधायचे राहून जाते.

आमच्या शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या आणि चर्चच्या गायनवृंदात गाणाऱ्या एका मैत्रिणीशी मी हे बोलले, तेव्हा लेंटविषयी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाविषयी, ती म्हणाली, "लेंटच्या दिवसांत मी सगळ्यांत जास्त गाते आणि सगळ्यांत कमी प्रार्थना करते." तिच्याकडूनच मला चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रिअस या ख्रिस्ती साधूविषयी कळले. भर दुपारी सूर्य पुढे सरकतच नाही असे वाटू लागते, स्वतःची कोठडी नकोशी होते, दुसरीकडे कुठेतरी जावेसे वाटते, अशा मनःस्थितीचे त्यांनी वर्णन केले आहे आणि साधकाने कोठडी सोडू नये, टिकून राहावे, असा उपाय सांगितला आहे. इथे मला एक भेद करावासा वाटतो. साधनेचा कंटाळा आणि साधकाचा थकवा ही दिसायला सारखी पण उपायाने उलटी अशी दोन दुखणी आहेत. कंटाळ्यावर टिकून राहणे हा उपाय खरा असेल. थकलेल्या माणसाला तोच उपाय दिला तर तो अधिक खचतो. दोहोंतला फरक ओळखण्याची माझी खूण साधी आहे. काही रात्री पुरेशी झोप मिळाल्यावर, कुणीही काही अपेक्षा करीत नसताना, पेटीजवळ जावेसे वाटते का? तसे वाटले तर तो थकवा होता. "मन लागत नाही तर साधना वाढव" हा सल्ला मला अनेक सद्भावनेच्या माणसांनी दिला, आणि त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून मी सांगते की थकलेल्या माणसासाठी तो सल्ला घातक आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला, मुळीच न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला आणि अति जागणाऱ्याला योग साधत नाही असे स्वच्छ सांगितले आहे. त्यातला जागणाऱ्याचा उल्लेख आपण सेवेकऱ्यांनी सोयीने विसरून गेलो आहोत.

नैराश्य हा मात्र वेगळा आजार आहे आणि त्याला थकवा समजून घरी बसणे धोक्याचे आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, भूक आणि झोप बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत किंवा जगून काय करायचे असे विचार येत असतील, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. थकव्यात सहसा त्या त्या कामापासून दूर गेल्यावर थोडी तरी उभारी येते. नैराश्यात कुठेही गेले तरी ते सोबत येते. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून स्वतःच निदान करून मोकळे होऊ नये. मी प्रथम आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी रक्त, थायरॉइड, साखर आणि बी-१२ तपासून घेतले, आणि माझे हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. तिचे नाव काढले की अजूनही आपल्याकडे घरातली माणसे दचकतात, तिथे जाणाऱ्याविषयी कुजबुजतात. गुडघा दुखला तर गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, जाताना कुणी कुजबुजत नाही. ज्यांना तिथे जाणे आज जमत नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.

बरे होणे माझ्या बाबतीत अगदी अनाकर्षक गोष्टींपासून सुरू झाले. लोहाच्या गोळ्या, रात्री दहानंतर फोन दुसऱ्या खोलीत, आणि दुपारची झोप. गोव्यात दुपारी दुकानांची दारे बंद करून घटकाभर पडण्याची जी रीत आहे, तिला बाहेरचे लोक सुशेगादपणा म्हणून हसतात. मला ती आपल्या पूर्वजांनी मागे ठेवलेली एक मोठी सोय वाटते, आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी ती केव्हाच गमावली आहे. मी ती शनिवारी आणि रविवारी परत मिळवली.

दुसरी गोष्ट अवघड होती. माझ्या हातांतली सगळी कामे मी कागदावर लिहिली आणि प्रत्येकापुढे, हे माझ्याशिवाय दुसरे कुणी करू शकणार नाही का, असा प्रश्न ठेवला. त्या कागदावर जवळजवळ काहीच माझ्याएकटीचे उरले नाही. सासूबाईंच्या रात्रीच्या औषधांची आणि कूस बदलण्याची जबाबदारी यजमानांनी घेतली, रविवारची सकाळ धाकट्या जाऊबाईंनी घेतली, आणि दिवसा काही तासांसाठी आम्ही एक मदतनीस बाई ठेवली. सासूबाईंना हे सांगताना माझा कंठ दाटून आला होता. त्यांची वाचा अजून पूर्ण आलेली नाही, पण त्यांनी चांगल्या हाताने माझे मनगट धरून पलंगाच्या कडेला ओढले आणि तुटक शब्दांत म्हणाल्या, "बाय, मात्शी बस गो." त्यांच्याजवळ काहीही न करता नुसते बसून मला किती काळ लोटला होता, हे त्यांना माझ्याआधी जाणवले होते.

पेटी मी मंडळातल्या एका तरुण मुलीकडे दिली. "यंदा माझ्याकडून होणार नाही" एवढे एकच वाक्य बोलायचे आणि त्याला कारणांची शेपटी जोडायची नाही, हे मी ठरवून केले, कारण कारण दिले की समोरचा ते कारण दूर करायला धावतो. काही जणींना राग आला. तो राग मी सहन करू शकले, कारण त्यांच्यापैकी काही जणी माझ्याइतक्याच थकलेल्या होत्या आणि मला मिळालेली मोकळीक त्यांना हवी होती, हे मला दिसत होते.

जपाची संख्या मी सोडून दिली आणि सकाळी दिवा लावल्यावर मनात येईल तेवढेच नाम घेऊ लागले. एका रविवारी आम्ही तांबडी सुर्ल्याला गेलो. अनमोड घाटाच्या पायथ्याच्या रानातले ते कदंबकालीन काळ्या पाषाणाचे महादेवाचे देऊळ मी पूर्वी शाळेच्या सहलीबरोबर मुले मोजत पाहिले होते. या वेळी तिथे मला कुणी ओळखत नव्हते, कुणी पेटीवर बसा म्हणणार नव्हते, प्रसादाची पाने मांडायची नव्हती. नंदीच्या बाजूला बसून मी खांबांवरचे कोरीवकाम पाहत राहिले, आणि पुष्कळ दिवसांनी देवळात असताना मला घाई नव्हती. ज्यांच्या खांद्यावर एखाद्या देवळाची सेवा आहे त्यांनी अधूनमधून अशा देवळात जावे, जिथे त्यांची कसलीच जबाबदारी नाही, असे मी आग्रहाने सांगेन. उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर मनःशांतीची मोठमोठी शिबिरे भरतात आणि ती कुणाला उपयोगीही पडत असतील. परंतु घरी अंथरुणावर माणूस असलेल्या बाईला आठवडाभर बाहेर राहणे परवडत नाही, आणि आठवड्यानंतर त्याच वेळापत्रकात परत यायचे असेल तर त्या शांतीला टिकायला जागाच उरत नाही.

आणखी एक गोष्ट मला उपयोगी पडली आणि तिचा पुरावा आपल्याच गोव्यात तयार झालेला आहे. संगाथ या संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम राबवला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी आठवड्याला एक अशा ६ ते ८ भेटींत रुग्णांना बोलते केले आणि त्यांच्या दिवसात लहानलहान आवडीच्या कृती पुन्हा आणायला मदत केली. त्याचे चांगले परिणाम २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उत्साह आला की काम करू, असे न म्हणता आधी छोटी कृती करावी, उत्साह मागून येतो, हे त्यामागचे सूत्र आहे. माझे दुखणे नैराश्याचे नव्हते, तरी हे सूत्र मी उचलले. परसातली नागवेल वर चढवणे, सासूबाईंना जुन्या अंकांतली एखादी कथा वाचून दाखवणे, माहेरी जाऊन एक रात्र राहणे, अशा गोष्टी मी मन नसतानाही केल्या. सुरुवातीला त्यातून काहीच मिळत नव्हते. मग चवथीच्या दिवसांत शेजारच्या घरी आरतीला घुमट आणि समेळ ही वाद्ये वाजू लागली, आणि नुसती ऐकत उभी असताना मला हुंदका आला. काका गेल्याचे दुःखही मला त्या दिवसांतच झाले, कित्येक महिन्यांनी. मी काकूंकडे गेले आणि आम्ही दोघी त्यांच्याविषयी बोलत बसलो. त्यानंतरही वाईट दिवस आले, विशेषतः परीक्षांच्या काळात. परंतु आता मी ते लवकर ओळखते आणि लवकर बाजूला होते.

थकून बाजूला होणे म्हणजे सेवेत खंड पाडणे, ही अपराधी भावना मला फार काळ सतावत होती. तिचे उत्तर मला वास्कोच्या दामोदर सप्ताहात सापडले. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारे ते भजन २४ तास क्षणभरही थांबत नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी प्लेगच्या साथीच्या काळात सुरू झालेली ही परंपरा आजवर टिकली आहे, कारण तिथे एकच पथक २४ तास गात नाही. एक पथक गाते, दुसरे येऊन त्याच्या मागे बसते, सूर मिसळतो, पहिले उठते, चहा घेते, घरी जाऊन झोपते. उठणाऱ्याकडे कुणी वाईट नजरेने पाहत नाही. भजन अखंड राहावे म्हणून गाणाऱ्याने वेळेवर उठायचे असते, ही व्यवस्था आपल्या गावोगावच्या देवळांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळली आहे, आणि तीच आपण आपल्या घरांत आणि मंडळांच्या रोजच्या कारभारात आणलेली नाही.

आषाढ सुरू झाला की श्रावणातल्या भजनांच्या वेळापत्रकाची जुळवाजुळव सुरू होते, आणि हे सगळे आत्ताच लिहिण्याचे कारण तेच आहे. वेळापत्रक करणाऱ्यांना माझी विनंती आहे की प्रत्येक कामापुढे दोन नावे लिहावीत. पहाटे दोन ते चारची वेळ दरवर्षी त्याच बिनतक्रार माणसांना देऊ नये. कोणती वेळ नको, हे सभेत सर्वांसमोर न विचारता प्रत्येकीला स्वतंत्रपणे विचारावे. आणि गेल्या वर्षी ज्या अचानक यायच्या बंद झाल्या त्यांच्या घरी, यादी न घेता आणि भजनाचा विषय न काढता, एकदा जाऊन यावे. त्यांच्या घरात कुणी आजारी असेल तर त्यांच्याऐवजी तिथे दोन तास बसण्याच्या तयारीने जावे.